गडणीला सांगायचं राहिलं

माझ्या आईला वाचता येत नव्हतं. तरी सफाळ्याच्या बाजारात बसून कोण वारलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची पोरगी परीक्षेत पहिली आली, हे तिला घरात सगळ्यांच्या आधी कळायचं. स्टेशनबाहेर ती भाजी घेऊन बसायची त्या जागेच्या मागे एक लोखंडी चौकट उभी आहे. गावातले सगळे बॅनर त्या चौकटीवर लागतात. खाली भिंतीला कागद चिकटवलेले असतात. खोली भाड्याने देणे आहे, घरगुती डबे मिळतील, कंपनीत पॅकिंगसाठी मुली पाहिजेत, पांढऱ्या पायांची शेळी हरवली आहे. कागदावर नुसती अक्षरं, म्हणून ते आईच्या कामाचे नव्हते. बॅनरवर माणसाचं तोंड असतं. ते ती बरोबर वाचायची.

तिच्या शेजारी तिची गडणी, म्हणजे जिवाची मैत्रीण, बसायची. ती डोंगराकडची, पाड्यावरची. पावसाळ्यात रानभाज्या आणायची, थंडीत वाल आणि सरपण, आणि शेतीचं काम संपलं की घरच्या माणसांबरोबर वीटभट्टीवर जायची. आमची माकुणसारला छोटी वाडी, केळी आणि तोंडली. दोघींची जात वेगळी, बोली वेगळी, घरं एकमेकींनी कधी पाहिली नाहीत. पण बाजारात जागा मात्र शेजारीच पाहिजे. एकीला यायला उशीर झाला तर दुसरी गोणपाट पसरून जागा धरायची आणि दुसऱ्या कोणाला तिथे बसू द्यायची नाही. तिला आई नावाने हाक मारायची नाही. गडणीच म्हणायची. मी मावशी म्हणायची.

माझं लग्न होऊन मी कुंभवलीला गेले. माझे यजमान तिथल्याच एका कंपनीत आहेत. माहेरी आले की एखादा दिवस मी आईबरोबर बाजारात बसायची. मला चारचौघांत ओरडून गिऱ्हाईक बोलावणं जमत नाही. मी मागे बसून तोंडली निवडायची. नवीन बॅनर लागला असला की आई म्हणायची, "वाच गो, काय लिवलंय?" मी चौथी शिकलेली. बारीक अक्षर मला आजही जड जातं, पण बॅनरचं अक्षर मोठं असतं. मी वाचायची तोपर्यंत त्या दोघींचं तोंड बघून झालेलं असायचं.

"हा तो दूधवाला. गेला बिचारा."

"गेला नाय गो, वाढदिवस हाय. हार घातलेला नाय."

"मंग हसत का नाय तो?"

"बायको बाजूला हाय ना फोटोत."

पलीकडे कोथिंबीरवाली बसायची, तिची जीभ तिखट. एकदा केळव्याच्या एका म्हातारीचा श्रद्धांजलीचा बॅनर लागला होता, मोरपंखी साडी, जरीचा काठ. कोथिंबीरवाली म्हणाली, "ही साडी मागच्या महिन्यात दुसऱ्याच बाईच्या अंगावर होती. त्या बॅनरवाल्याकडं एकच हाय. जी मरंल तिला नेसवतो."

मावशी हसून लोळायची बाकी राहिली. "मंग मला कवा नेसवल?"

"तुला कशाला? तुजं तोंड त्या साडीत मावल का?" आई म्हणाली.

आम्ही सगळ्याच हसलो. मी पण हसले. खरंच तीच साडी होती. म्हाताऱ्या बाईचा चेहरा कापून तयार साडीवर चिकटवायचा, अशी दुकानांची पद्धत आहे. घरी चांगला फोटो कोणाकडे नसतो आणि असला तर त्यात बाई कामाच्या लुगड्यात असते.

मागच्या वर्षी आई आजारी पडली. औषधपाण्यासाठी ती बरेच दिवस माझ्याकडे कुंभवलीला होती. बाजार सुटला. मावशी तेव्हा भट्टीवर गेलेली, तिला काही कळलं नव्हतं. पुढे आईने हट्ट धरला की मला माझ्या घरी न्या, म्हणून माकुणसारला आणली. शेवटी शेवटी ती कमी बोलायची. पण एक गोष्ट तिने मला आणि दादाला, दोघांना बसवून सांगितली.

"माज्या गडणीला सांगा. भट्टीवरनं आली का ती पयली बाजारात येल. तिला सांगितल्याबिगर ऱ्हाऊ नका."

आम्ही हो म्हणालो.

आई गेली. सोयऱ्यांना फोन गेले, गावातल्यांना कोणी ना कोणी सांगितलं. मी दादाला म्हटलं, मावशीकडे कोणाला तरी पाठव. तो म्हणाला, "कुठल्या पाड्यावर पाठवू? तिच्याकडं फोन हाय का? आणि बॅनर लावतोयच की आपण. चौकट तिच्या डोक्यावर हाय. आली का बघंलच."

मला ते पटलं. खरं तर बरं वाटलं. मावशी आली की तिला बॅनर दिसेल, आईचं तोंड बघेल, तिला कळेल. तिला वाचता येत नाही तरी तिला कळतंच.

दादा बोईसरला कामाला आहे, म्हणून बॅनर तिथल्याच एका दुकानात करायचं ठरलं. माझं घर त्याच बाजूला, म्हणून मीही बरोबर गेले. फोटो दादाच्या मोबाईलमध्ये होता. एका लग्नातला, मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली आई, कोणी तरी काही बोललं असेल, ती मान वर करून हसतेय. अंगावर रोजचंच लुगडं, फक्त धुतलेलं. हनुवटीवरचं गोंदण स्पष्ट दिसत होतं, तीन ठिपके, आणि कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये चंद्रकोर. लहानपणी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते ठिपके बोटाने मोजायची. तीनच असायचे, तरी मोजायची.

दुकानातला मुलगा कॉम्प्युटरवर बसलेला, हिंदी बोलणारा. त्याने आईचा चेहरा मोठा केला. "माताजी का साडी चेंज करना है ना?" असं म्हणून त्याने साड्या दाखवल्या. "ये वाला सब लोग लेते हैं."

मोरपंखी. जरीचा काठ.

मी दादाच्या कानाशी म्हटलं, "दादा, आईचं लुगडंच राहू दे ना."

"लुगड्यातली आय नाक्यावर टांगू? कंपनीतली माणसं येणार हायत उत्तरकार्याला."

साडी चढली. मग त्या मुलाने चेहरा आणखी मोठा केला. पूर्ण पडद्यावर नुसती हनुवटी. एक ठिपका गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. कपाळावरची चंद्रकोर गेली. सुरकुत्याही थोड्या गेल्या आणि रंग उजळला. त्याचं काम त्याने मन लावून केलं. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "दाग सब निकाल दिया दीदी. देखो, कितना साफ."

"तो डाग नाय," मी म्हटलं. "गोंदण हाय."

मागे छपाईचं मशीन चालू होतं. त्याला ऐकू गेलं नाही. "क्या?"

दादा म्हणाला, "राहू दे गो. किती चांगली दिसतेय बघ." आणि खरंच ती चांगली दिसत होती. कोणीही म्हणालं असतं.

मला वाईट वाटलं ते आईसाठी. आपली आई आपल्याला परकी दिसतेय याचं वाईट वाटलं. मावशी त्या वेळी माझ्या मनात आलीच नाही. हा बॅनर तिच्यासाठी लावतोय हे मला माहीत होतं, ती तोंडावरून ओळखते हेही माहीत होतं, आणि दोन्ही गोष्टी मी त्या दुकानात एकत्र आणल्या नाहीत. आणल्या असत्या तर मी मोठ्याने बोलले असते का, ते सांगता येत नाही.

तो मांडवातला फोटो आता कुठेही नाही. दादाचा मोबाईल भरला तेव्हा त्याने जुने फोटो काढून टाकले. दुकानात विचारलं, तर त्यांच्याकडे साडीतला तेवढा आहे. लग्नघरी जाऊन आल्बम पाहिला, त्यात आई एकाच ठिकाणी आहे आणि ती पाठमोरी. घरात भिंतीवर आज जो लावलाय तो बॅनरवरचाच.

उत्तरकार्य झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंभवलीला जायला सफाळे स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. बाजाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मागून हाक आली.

"ए पोरी! अगो, हिकडं!"

मावशी होती. उन्हाने काळवंडलेली, बारीक झालेली. पुढ्यात पहिल्या पावसाच्या रानभाजीच्या, शेवळांच्या जुड्या आणि बाजूला काकडांचे वाटे. शेवळं नुसती केली तर घशाला खाज येते, म्हणून ही आंबट फळं बरोबर घ्यायची असतात. तिच्या शेजारी रिकामं गोणपाट पसरलेलं. आईच्या जागेवर. मागे वर, चौकटीवर, आई मोरपंखी साडीत हसत होती.

मला वाटलं, तिला माहीत आहे. मी तिच्यासमोर बसले आणि रडायला लागले.

ती घाबरली. "काय झालं? नवरा मारतो का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग? तुजी आय कुठं? तुज्याकडं ऱ्हायला गेली का? मी आल्याधरनं जागा धरून बसलेय तिची. लोकं भांडतात माज्याशी."

कोथिंबीरवाली बघत होती. तीच मग हळू आवाजात म्हणाली, "अगो बाय, तुला ठाऊक नाय? मला वाटलं तुला ठाऊक हाय. तू जागा धरत होतीस ती दुःखानं, असं वाटलं मला. तू बोलत नव्हतीस म्हणून मी पण विषय नाय काढला."

"काय ठाऊक नाय?"

कोथिंबीरवालीने वर बॅनरकडे बोट केलं.

मावशी मागे वळली. उठून उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही? ही तर कोणाची शेठाणी हाय. मी पयल्या दिवशीच बघितली. म्हटलं, साडी तीच हाय." आणि ती थोडं हसलीसुद्धा.

"मावशी, ती आई हाय," मी म्हटलं.

"नाय."

"आईच हाय. फोटो तसा केलाय."

तिने पुन्हा पाहिलं. स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. तिचंही गोंदण आहे, हनुवटीवर, गालावर, हातांवर भरून. "हितं होतं ना तिच्या? तीन."

"होतं."

"मंग पुसलं कोणी?"

दादाचं नाव सांगावंसं वाटलं नाही आणि त्या मुलाचं तरी कसं सांगू. त्याला तो डाग वाटला.

मावशी खाली बसली. मग एकेक विचारायला लागली. कधी गेली. दिवसा का रात्री. काही खाल्लं होतं का. जवळ कोण होतं. मी सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "माजं नाव काढलं?"

"काढलं. तुला सांगा म्हणाली."

"मंग सांगितलं का नाय?"

हे ती रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती नुसतं विचारत होती, गाडी का आली नाही असं विचारावं तसं.

"बॅनर लावला होता," मी म्हटलं.

माझं मलाच ते ऐकवेना. ती रोज त्याच्याखाली येऊन बसत होती, त्याला पाठ लावून जेवत होती, आणि आईच्या वाटची एक जुडी रोज बाजूला ठेवत होती. संध्याकाळी ती विकायची आणि दुसऱ्या दिवशी ताजी ठेवायची. हे मला कोथिंबीरवालीने सांगितलं. उत्तरकार्याचं जेवण आम्ही सगळ्या गावाला घातलं. कंपनीतली माणसं आली, जेवली, फोटोला फुलं वाहून गेली. मावशी तेव्हा इथे जागेसाठी लोकांशी भांडत होती.

"तिच्या नावानं पाणी घालायला आले असते गो मी," ती म्हणाली. "तेवढंच होतं माजं."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. गिऱ्हाईक आलं, शेवळांचा भाव विचारू लागलं. ती रिकाम्या गोणपाटाकडे बघत होती. ते गेलं. स्टेशनात गाडीची घोषणा झाली आणि ती मला म्हणाली, "जा. तुजी गाडी येल."

मी उठले, पण गेले नाही. ती पण उठली. बाजूच्या चहावाल्याकडे गेली, त्याच्या पिंपातून लोटाभर पाणी मागून आणलं. आईच्या जागेवरचं गोणपाट तिने उचललं, घडी घालून बाजूला ठेवलं. मग वाकून त्या मोकळ्या फरशीवर हळूहळू सगळं पाणी ओतलं. तोंडाने काही तरी म्हणत होती, तिच्या बोलीत, मला कळलं नाही. येणारी-जाणारी माणसं थांबली, बाजूने गेली.

पाणी उताराने कोथिंबिरीच्या ढिगाकडे गेलं. कोथिंबीरवालीने दोन्ही हातांनी ढीग उचलून धरला, आणि पाणी वाहून जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली.