एका दमाचं इंग्रजी

"पन तुना किरकेट कवा आवरला रं? खोटा कला बोलतंस?"

"खोटा नाय, परीक्षा हाय ती. मोठ्या सायेबाला किरकेट आवरतंय, मंग मना बी आवरतंय."

"न आपला हुतूतू?"

"तो आवरत नाय, असा बोलाचा. धसमुसला खेल हाय, हाडा मोरतान, असा बोलाचा."

खाडीतले खुबे फोडता फोडता सगुणाचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं, जणू त्यानं घरच्या देवाला शिवी दिली असावी. "ज्या खेलानी तुना गिरनीत नेला, त्यालाच नावा ठेवशील? जीभ झरंल तुजी."

"झरू दे," दामाजी म्हणाला. "जीभ झरली त चालंल. छाती झराची नाय."

असं म्हणताना त्याला खोकला आला. तो भिंतीकडं तोंड करून खोकला आणि पदरचं काही सांडलं नाही ना असं बघावं तसं जमिनीकडं बघून पायानं माती ओढली. सगुणानं पुन्हा खुबे फोडायला घेतले. तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं करणं एवढंच तिच्या हातात होतं.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात दामाजीचं घर अगदी खाडीच्या अंगाला. भरतीला पाणी अंगणात यायचं, ओहोटीला चिखलाचा वास. बापाचा धंदा डोलीच्या जाळ्याचा, पण दामाजीचं नाव झालं ते हुतूतूत. शिमग्याच्या मैदानात तो चढाईला निघाला की म्हातारे बिड्या विझवायचे, कारण धूर डोळ्यांत गेला आणि तेवढ्यात दामाजी दोघं मारून परत आला, असं व्हायचं. अंग काही पैलवानाचं नव्हतं. सुक्या बोंबलासारखा माणूस. पण दम? दम असा, की समोरच्या पाटीतले गडी त्याला धरायचं सोडून त्याचा श्वास कधी तुटतो याची वाट बघत बसायचे आणि वाट बघता बघता मरायचे.

हा दम त्याला नाथाकाकानं दिला. काका त्याला गळाभर पाण्यात उभं करायचा आणि म्हणायचा, "बोल. थांबलास का मेलास. मेलेल्या गड्याला कोन पानी पाजत नाय." पोरवयात शिकलेलं हाडात मुरतं. दामाजीला जे जे पाठ करायचं ते एका दमातच पाठ व्हायचं. शाळेत एकोणतीसचा पाढा त्यानं एका दमात म्हटला म्हणून मास्तरांनी त्याला छडी मारली होती, की हा काय आगगाडी सोडतो. एकवीरेची आरतीसुद्धा तो एका श्वासात म्हणून मोकळा व्हायचा आणि मग बाकीचे म्हणेपर्यंत हात जोडून उभा राहायचा.

त्या दमावरच खाडीकाठच्या कापडगिरणीनं त्याला उचलला. गिरणीला संघ उभा करायचा होता. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी तो गिरणीत लागला आणि ब्लोरूममध्ये उभा राहिला. कापसाच्या गासड्या फोडून यंत्रात घालायच्या. त्या खोलीत कापूस नुसता उडायचा. भुवयांवर, मिश्यांवर, डब्यातल्या भाकरीवर, सगळीकडं पांढरं. सकाळी काळा गेलेला माणूस दुपारी म्हातारा होऊन बाहेर पडायचा. संघातल्या गड्यांना हलकं काम म्हणून तिथं ठेवलं होतं, असं मुकादम सांगायचा.

पाच-सहा वर्षांत त्या हलक्या कामानं दामाजीचा दम खाऊन टाकला. आधी चढाई छोटी झाली. मग तो मध्यरेघ ओलांडून आल्यासारखं करायचा आणि लगेच मागं फिरायचा. गेल्या हंगामात कप्तानानं त्याला कोपऱ्यात उभं केलं, जिथं कुणी येत नाही आणि जिथून कुणी जात नाही. नौपाड्यातल्या डॉक्टरानं छातीला नळी लावून सांगितलं, "कापसातून बाहेर निघा. नाहीतर तिथंच राहाल." पण निघून जायचं कुठं? जाळं ओढायला तर त्याहून जास्त छाती लागते. दोनदा भावाबरोबर होडीवर गेला आणि दोन्ही वेळा भावानं त्याला तळाशी बसवून स्वतः जाळं ओढलं. काठावर आल्यावर भाऊ काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

अशात गिरणीच्या दरवाज्यावरची जागा रिकामी झाली. तिथं बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, टेलिफोन वाजला तर उचलायचा. वर छप्पर, समोर पिंपळ, आणि कापसाचा तंतूसुद्धा तिथवर पोचत नाही. दामाजी रोज त्या दरवाज्यातून आत जाताना त्या रिकाम्या स्टुलाकडं बघायचा, आणि आतमध्ये गेला की पहिला श्वास जपून घ्यायचा.

अट एकच होती. दरवाज्यावरच्या माणसाला थोडं इंग्रजी बोलता आलं पाहिजे. मोठा साहेब आपलाच माणूस, पण विलायतेत राहून आलेला. क्रिकेटचं त्याला वेड. त्याचं म्हणणं असं, की जो माणूस खेळाबद्दल बोलू शकतो तो कशाबद्दलही बोलू शकतो. तेव्हा परीक्षा खेळावरच. कोणता खेळ आवडतो, कोणता आवडत नाही आणि का, हे इंग्रजीत सांगायचं.

शिकवायला कामगारांचा अधिकारी श्रीपादराव. नौपाड्यातला तरुण, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनानं चांगला. पाळी सुटल्यावर तो आठ-दहा जणांना बाकावर बसवून इंग्रजी वाक्यं म्हणून घ्यायचा.

"प्ले द गेम. म्हणजे नुसतं खेळा असं नाही. सचोटीनं वागा. इट इज नॉट क्रिकेट. म्हणजे हे वागणं बरं नव्हे. हिट बिलो द बेल्ट. म्हणजे कमरेखाली मारणं. लबाडी."

मागच्या बाकावर उत्तम बसायचा. दामाजीबरोबरच ब्लोरूममध्ये गासड्या फोडणारा, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "सायेब, कमरेखाली मारलाच नाय त गडी परंल कसा? आमी त पायच धरताव."

सगळे हसले. श्रीपादरावही हसला. "बॉक्सिंगमध्ये रे उत्तम, बॉक्सिंगमध्ये. आणि हे ऐका. कीप द बॉल रोलिंग. म्हणजे सुरू झालेलं थांबू न देणं. थ्रो इन द टॉवेल. टॉवेल आत टाकणं म्हणजे हार कबूल करणं."

"मंग मी त रोज हारतंय," उत्तम म्हणाला. "माजा टॉवेल घरात परलेलाच आसतो. बायको बोंबलते."

दामाजी हसला नाही. तो ओठ हलवत होता.

वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला एकेक वाक्य यायचं. श्रीपादराव मान हलवायचा, पुढचा उठायचा. सगळं बोलणं एका माणसाकडून त्यानं कधी ऐकलंच नाही. दामाजीनं ती सगळी वाक्यं एकापुढं एक लावली आणि पहाटे ओहोटीच्या वेळी खाडीच्या काठावर उभं राहून म्हणायला सुरुवात केली. आय लाइक क्रिकेट इट इज अ जंटलमन्स गेम वी प्ले द गेम वी डू नॉट हिट बिलो द बेल्ट वी कीप द बॉल रोलिंग... आणि शेवटी, आय डू नॉट लाइक हुतूतू बिकॉज इट इज रफ.

आता खरं तर कुणीही माणूस मध्ये थांबला असता. दामाजी थांबला नाही. त्याला ते सुचलंच नाही. उलट त्यानं मनाशी एक पैजच लावली. हे सगळं एका दमात पार पडलं, तर छाती अजून शाबूत आहे आणि दरवाजा आपला. पहिल्या दिवशी बॉल रोलिंगलाच दम संपला. मग तो दिवसाला एखादा शब्द पुढं जाऊ लागला. ज्या सकाळी तो शेवटच्या शब्दापर्यंत पोचला, त्या सकाळी तो चिखलात गुडघ्यावर बसून किती वेळ धापा टाकत होता, आणि डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर हसू. सगुणा भांडी घासत होती. तिनं विचारलं, "काय झाला?"

"पोचलू," तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला. साहेबाच्या खोलीत पंखा होता, भिंतीला बॅट टांगलेली होती, आणि टेबल एवढं मोठं की त्यावर होडी सुकवता आली असती. श्रीपादराव कडेला उभा होता. त्यानं दामाजीला डोळ्यांनीच धीर दिला.

"वेल, दामाजी," साहेब म्हणाला. "टेल मी. विच गेम डू यू लाइक?"

दामाजीनं छाती भरून श्वास घेतला आणि सोडला नाही.

"आय लाइक क्रिकेट इट इज अ जंटलमन्स गेम वी प्ले द गेम..."

साहेब खूश झाला. मान हलवायला लागला. मग त्यानं सहज हात वर केला आणि विचारलं, "व्हाय? व्हाय डू यू लाइक इट?"

विचारलं ते दामाजीला ऐकू आलं. कळलंही. पण दम चालू होता आणि समोरून हात आला होता. जन्मभर समोरून हात आला की काय करायचं ते त्याच्या पायांना ठाऊक होतं. तो अर्धं पाऊल मागं सरला, खुर्चीच्या कडेला झाला, आणि बोलत राहिला. वी डू नॉट हिट बिलो द बेल्ट वी कीप द बॉल...

"वन मिनिट. जस्ट वन मिनिट," साहेब म्हणाला.

"दामाजी, थांबा," श्रीपादराव हळूच म्हणाला. "साहेब विचारताहेत. उत्तर द्या."

दोन्हीकडून घेरलं होतं. दामाजीच्या कपाळावरची शीर फुगली. चेहरा जांभळा पडला. आवाज बारीक झाला, शब्द एकमेकांत गुंतले, तरी तो सोडेना. साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तिथं नवल आलं, मग भीती आली. हा माणूस डोळे मोठे करून, खुर्चीभोवती सरकत, आपल्यावर इंग्रजी सोडतोय, हे आहे तरी काय?

"आय डू नॉट लाइक हुतू..."

तिथं तुटलं.

खोकला असा आला की तो टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून वाकला. थांबेना. श्रीपादरावानं पाणी पुढं केलं ते सांडलं. शेवटी घशातून आलं ते त्यानं सदऱ्याच्या टोकात धरलं, आणि साहेबानं ते बघितलं. थुंकीत भिजलेला कापूस. करडा, वातीसारखा वळलेला.

साहेबानं रुमाल नाकाला लावला आणि श्रीपादरावाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ते कुणी शिकवलेल्या वाक्यांतलं नव्हतं. त्यातला डॉक्टर एवढा शब्द दामाजीला कळला.

बाहेरच्या बाकावर तो बसला होता तेव्हा उत्तम आत गेला. आतून साहेबाच्या हसण्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. उत्तमनं सांगितलं होतं म्हणे, की आय लाइक नो गेम, आय लाइक स्लीप, क्रिकेट टू लाँग, हुतूतू टू मच पेन. साहेब एक विचारायचा, उत्तम एक ठोकून द्यायचा. बोलणं झालं. तेच तर हवं होतं.

श्रीपादराव बाहेर येऊन दामाजीच्या शेजारी बसला. "साहेब वाईट म्हणाले नाहीत तुम्हाला," तो म्हणाला. "गुड स्पोर्ट म्हणाले. म्हणजे दिलदार खेळाडू. जागा उत्तमला दिलीय. दामाजी, हार खेळाडूसारखी घ्यायची असते."

"सायेब," दामाजी म्हणाला, "खेलात मेलेला गडी रेघंभायेर बसतो. दुसरा मेला का ह्यो जिता होतो, परत आत येतो. मी कवा येवाचा?"

श्रीपादरावानं दुमडलेली बाही खाली केली, परत दुमडली.

"परत घ्या माजी परीक्षा. मी थांबून बोलंन. एकेक शब्द बोलंन. आय. लाइक. क्रिकेट. असा. बघा, येतंय ना? बघा ना सायेब."

"येतंय," श्रीपादराव म्हणाला. "पण जागा एकच होती."

"मंग झारू मारतंय दरवाज्यावर. पिंपलाची पाना गोला करतंय. कायपन सांगा. त्या खोलीत नको."

"मी बोलून बघतो. पण आधी डॉक्टर. सोमवारी गिरणीच्या डॉक्टरांकडे जायचंय. साहेबांचा हुकूम आहे."

"त्यांनी छातीला नली लावली त मना घरीच धारतील ना?"

श्रीपादराव खोटं बोलायला शिकला नव्हता, एवढंच त्याचं चांगलं आणि एवढंच त्याचं वाईट.

"सोमवारी नका नेऊ. पुरच्या सोमवारी न्या. मी बरा व्हतंय. भरतीच्या वाऱ्यात बसलू का बरा व्हतंय मी." दामाजीनं त्याचा हात धरला होता. हुतूतूत धरतात तसा, मनगटाच्या वर, सुटणार नाही असा. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं सोडला. श्रीपादरावाच्या गोऱ्या मनगटावर बोटं उठली होती.

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

दामाजी ब्लोरूममध्ये परतला तेव्हा उत्तम आपला डबा आणि चप्पल न्यायला आला होता. एरवी दहा जणांना पुरेल एवढी जीभ, पण आज ती सापडेना. "दाम्या," तो म्हणाला, "मी त नुसती मस्करी केली रं. मना वाटला सायेब हाकलंल."

"हाकलला आसता त बरा झाला आसता," दामाजी म्हणाला. "जा आता. फाटकात कोन नाय. तो स्टूल तुजी वाट बघत परलंय."

"तुना राग आयला?"

"राग कला? राग करावाला बी दम लागतो. जा. मुकादम बघतोय."

उत्तम गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं, कारण ते उघडं राहिलं की कापूस बाहेर उडतो आणि मुकादम ओरडतो.

दामाजीनं सगुणाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा नाकातोंडावरून बांधला आणि मागं गाठ मारली. सोमवार यायला मधे शनिवार होता, रविवार होता. त्यानं छिन्नी घेतली, गासडीवरच्या लोखंडी पट्टीखाली घातली आणि हातोडा मारला. पट्टी तटकन तुटून बाजूला उडाली. दाबलेला कापूस फुगून वर आला. त्यानं दोन्ही हात आत घालून पहिला थर ओढला आणि यंत्राच्या तोंडात टाकला.