लिंबावर अडलेली गाडी

आमच्या गाडीची पूजा झाली दसऱ्याला, आणि तिची पहिली बेइज्जतीही दसऱ्यालाच झाली. वहिनीनं हँडलला झेंडूची माळ घातली, पुढच्या टोपलीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. रीत अशी की गाडी सुरू करायची, लिंबं चिरडायची आणि झोकात फाटकाबाहेर पडायचं. मी किल्ली फिरवली, दांडी दाबली. गाडी लिंबापर्यंत गेली आणि घूं घूं करत तिथंच उभी राहिली. लिंबू काही फुटेना. शेजारपाजारच्या बायका ताटात पेढे घेऊन ताटकळत उभ्या. शेवटी दादानं मागून ढकललं तेव्हा कुठं लिंबांचा निकाल लागला.

"लिंबू ओलांडवत नाही हिला," दादा म्हणाला, "रस्ता काय ओलांडणार?"

लिंबू का ओलांडवलं नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ही बसून चालवायची बॅटरीची गाडी. चार बुटकी चाकं, एक फिरती खुर्ची, पुढे टोपली. वेगासाठी हँडलवर एक गोल बटण आहे, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. गाडी घरात आली त्याच दिवशी दादानं बटण कासवावर ठेवून वरून चिकटपट्टी मारली होती. चांगली खाकी, रुंद, खोके बंद करायची चिकटपट्टी. वय झालेल्या बहिणीला कुलूप लावायची ही नवी तऱ्हा.

मला लहानपणी पोलिओ झाला. एक पाय कामातून गेला, पण मी गेले नाही. कुबडी काखेत घेऊन शिकले, परीक्षा दिल्या आणि मारेगावला तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले. तिथं खोली करून एकटी राहिले. सुटीला यवतमाळला यायचं तर एसटीच्या दाराचा गज धरून स्वतःला वर ओढायचं, आणि कंडक्टर घाई करू लागला तर त्याच्याकडे असं बघायचं की तो पुढच्या स्टॉपपर्यंत घंटी मारायला विसरायचा. मारेगावात मला सगळे 'कचेरीतल्या बाई' म्हणत. त्या नावावर माझा फार जीव होता. ते मी कमावलेलं होतं.

निवृत्त होऊन यवतमाळला दादाकडे आले आणि काही वर्षांत कुबडीच्या बाजूचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आता कुबडी बंद. तेव्हापासून मी घरातली जपून ठेवायची वस्तू झाले. मला काही कमी नव्हतं, पण सगळं दुसऱ्याच्या निवडीचं होतं. साडी वहिनीच्या पसंतीची, भाजी दादाच्या. सीताफळाच्या दिवसांत दादा आणायचा ती सीताफळं एकतर दगड, नाहीतर पिचकलेली, आणि तक्रार करायची सोय नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.

ही गाडी वहिनीच्या नागपूरच्या नात्यातली. तिथले म्हातारे आजोबा गेले आणि गाडी पडवीत धूळ खात पडली. त्यांनी विचारलं, कोणाला हवी का? दादा 'नको' म्हणायच्या आत मी 'हो' म्हणून टाकलं.

आता खरी अडचण सांगते. पुतण्या पुण्याला, त्याची बायको बाळंत व्हायची होती. दादा-वहिनी दिवाळीआधी निघून चांगले चार-सहा महिने तिकडे राहणार होते आणि मलाही घेऊन जाणार होते. घर बंद करायचं, मला सातव्या मजल्यावर नेऊन बसवायचं. लिफ्ट आहे, खिडकी आहे, टीव्ही आहे, असं सगळे मला समजावत होते. मला मात्र एकच दिसत होतं. ह्या वयात एकदा तिथं बसले की परत यायचं नाव कोण काढणार? मी दादाला स्पष्ट सांगितलं, मी इथंच राहीन, माझं मी बघेन.

दादा आयुष्यभर गणिताचा मास्तर. अटीशिवाय त्याला काही सुचत नाही. म्हणाला, "ठीक आहे. आठ दिवस पाहू. बाजार, औषधं, बँक, सगळं एकटीनं कर. आठ दिवसांत तुझ्याबद्दल मला एक जरी फोन आला, तर बॅग भरायची."

मला वाटलं, एवढंच ना! मी थोडीच पडणार होते?

पण गावात अर्ध्या लोकांना दादानं गणित शिकवलंय, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

पहिल्याच सकाळी मी औषधं आणायला निघाले. कासवाच्या चालीनं गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच मागून कोणीतरी गाडीला धक्का देऊ लागलं. "बॅटरी आहे हो हिला!" मी ओरडले, तर तो म्हणतो, "असू द्या ताई, तेवढीच वाचंल." चौकात एक ऑटोवाला खाली उतरला, दोन्ही हात पसरून त्यानं सगळी वाहतूक थांबवली आणि मी जाईपर्यंत मंत्र्याची मोटार जावी तसा उभा राहिला. मेडिकलवाल्यानं गोळ्या रस्त्यावर आणून दिल्या. मी आपली सगळ्यांना नमस्कार करत, ऊर भरून घरी आले. दादा ओट्यावर फोन घेऊन बसला होता, आणि चेहरा असा की नापास पोराचा पेपर हाती आलाय.

"सर, ताई आमच्या दुकानापासून सुखरूप गेल्या, काळजी करू नका." हा मेडिकलवाला. "सर, चौक पार करून देल्ला बरं ताईले." हा ऑटोवाला. धक्का देणाऱ्यानंसुद्धा फोन केला होता, चाकात हवा कमी वाटते म्हणून. सगळे दादाचे विद्यार्थी. सगळ्यांच्या मनात नुसतं प्रेम. आणि त्या प्रेमाचा एकेक फोन मला एकेक मजला वर चढवत होता.

पहिला दिवस दादानं कसाबसा सोडून दिला, म्हणून दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. दुकानोदुकानी गाडी थांबवून हात जोडून सांगितलं, "सरांना माझ्याबद्दल फोन करू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी पुढे सरकताच सगळ्यांनी फोन लावले. "सर, ताई म्हणून राह्यल्या फोन करू नका. घरी काही झालं का?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र भडकले.

"हे फोन माझ्यामुळे येत नाहीत," मी दादाला म्हटलं. "तुझ्यामुळे येतात! अर्ध्या गावाला तू पाढे शिकवलेस, त्यात माझा काय गुन्हा?"

"माझी बहीण म्हणून जपतात ते तुला."

"तेच तर! मी तुझी बहीण म्हणून रस्त्यावर जातच नाही. मी गोळ्या आणायला जाते."

त्याची भीती मला ठाऊक नाही असं नाही. लहानपणी तोच मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत न्यायचा. एकदा उतारावर आम्ही दोघं पडलो. मला फार लागलं नाही, पण बाबांनी त्याला मार मार मारलं, आणि त्या दिवसापासून माझं पडणं ही त्याची जबाबदारी झाली. बाबा जाऊन किती वर्षं झाली, हा अजून तो मार खातोच आहे. मला त्याची माया कळत होती. पण माया कळली म्हणून काय सातव्या मजल्यावर जाऊन बसायचं?

अट मी हरले होतेच. वहिनीनं माळ्यावरून माझी बॅग काढली आणि साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मी ते बघत थोडा वेळ बसले. मग भिंत धरत उठले आणि गाडीवर जाऊन बसले.

"कुठं?" दादानं विचारलं.

"सीताफळं आणते."

"मी आणतो ना."

"तू आणलेली खाल्लीत आजवर," मी म्हटलं आणि निघाले.

गल्लीच्या वळणावर घर दिसेनासं झालं तशी मी गाडी थांबवली आणि नखानं चिकटपट्टी खरवडून काढली. बटण सशावर नेलं. आता ह्या गाडीचा ससा म्हणजे काही फार मोठा तीर नाही. सायकलवर दुधाच्या कॅन लावलेला एक म्हातारा घंटी वाजवत माझ्यापुढून निघून गेला. पण माझा पदर उडाला! कित्येक वर्षांत माझा पदर पंख्याशिवाय उडाला नव्हता. बाजाराच्या उतारावर मी मोठ्यानं हसले, आणि कोणी पाहिलं असेल तर पाहू दे, असं मनात म्हणाले.

बाजाराच्या तोंडाशीच एक हातगाडी सीताफळांनी भरलेली होती, जंगलातली, ठसठशीत डोळ्यांची. मी गाडी तिला अगदी चिकटवून लावली, म्हणजे हात पोचतो. आणि एकेक फळ उचलून बघायला लागले. डोळे उमललेत का, देठाशी भेग पडलीय का, बोटाखाली किती नरम लागतं. एक ठेवायचं, दोन टाकायची. घाई कशाची होती?

"अवो बाई!" हातगाडीवाला ओरडला. "थे गाडी बाजूले घ्या ना! बाकीचं गिऱ्हाईक काय माह्या डोक्यावरून येईन?"

मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतोय ते. मागे कोणी नव्हतं. मलाच म्हणत होता.

इतक्या वर्षांत माझ्यावर रस्त्यात कोणी असं ओरडलं नव्हतं. मला काय आनंद झाला, सांगता येत नाही.

"मीही गिऱ्हाईकच आहे," मी म्हटलं.

"मंग घ्या अन् निघा ना. सीताफळ पाहून राह्यल्या का नवरदेव?"

"नवरदेव कधी पाहिलाच नाही बाबा. सीताफळ तरी नीट पाहून घेऊ दे."

बाजूला मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई खो खो हसली. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या कानाशी लागलं, "अबे, सराची बहीण आहे थे." मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आता ह्याला नरम करू नकोस. तो नरम झाला नाही. भांडायचं सोडून त्यानं खिशातून फोन काढला.

"सराची बहीण असो का कलेक्टरची. धंदा खोटी होऊन राह्यला माहा. थांबा, सरलेच सांगतो."

झालं. आता पुणं पक्कं. त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि मला ऐकू येईल असा धरला.

"सर, नमस्कार. तुमच्या ताईनं माह्या हातगाडीसमोर गाडी आडवी लावली. हटूनच नाही राह्यल्या. तुमी सांगा त्यायले."

पलीकडून आधी आमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग दादा म्हणाला, "पडली बिडली तर नाही ना?"

"पडते कायची, सर! भांडून राह्यली."

मी हातातलं सीताफळ तसंच धरून बसले. बोटं आत रुतली तेही कळलं नाही.

"मंग मले कायले सांगतं बाबू?" दादाचा आवाज आला. "गाडी तिची आहे. तिलेच सांग."

आणि त्यानं फोन ठेवला.

हातगाडीवाल्यानं फोन खिशात टाकला. "ऐकलं ना? घ्या बाजूले."

"घेते," मी म्हटलं. गाडी मागे घेताना ती टीं टीं वाजते. तशी वाजवत मी मागे घेतली, नीट बाजूला लावली, आणि हात पुढे करून म्हटलं, "आता तू इकडे आणून दे. निवडलेली आणि हे दाबलेलं. दाबलेल्याचे पण घे." त्यानं कुरकुरत आणून दिली. डोळे भरून आले होते म्हणून मोड मोजलीच नाही, तशीच टोपलीत टाकली.

घरी आले तर दादा स्टुलावर चढलेला, वहिनी खालून स्टूल धरून उभी, आणि माझी बॅग पुन्हा माळ्यावर जात होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "कच्ची तर नाही आणलीस ना?" एवढंच विचारलं. त्या रात्री आम्ही तिघांनी सीताफळं खाल्ली, आणि बिया थुंकता थुंकता दादा म्हणाला, गोड आहेत.

ते दोघं पुण्याला गेले. नात झाली. मी इथं आहे. चौकातला ऑटोवाला आता हात पसरून उभा राहत नाही, नुसता हॉर्न वाजवतो. मेडिकलवाल्यानं पायरीला फळी टाकली आहे, मी आत जाऊन रांगेत थांबते. हातगाडीवाला सीताफळं संपली तशी बोरं विकू लागला आणि अजूनही माझ्यावर ओरडतो.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. नातीचं सगळं सांगून झालं, तरी ठेवेना. मग म्हणाला, "इथं खाली उतरलं की समोर बाग आहे. पण रस्ता मोठा, अन् गुडघे ऐकत नाहीत. पोराला सुटी असली की नेतो तो." मग आवाज खाली आणून, "अगं, तशी गाडी अजून एक कुठं मिळंल का?"

मला सायकलचं कॅरिअर आठवलं, उतार आठवला, आणि पुढे बसून जिवाच्या आकांतानं पेडल मारणारी ती लहानशी पाठ आठवली.

"मिळेल," मी म्हटलं. "मी विचारते नागपूरला. पण मी चिकटपट्टी लावून देईन हं."

तो हसला. फोन ठेवल्यावर मी जरा रडले. मग डोळे पुसले, गाडीची बॅटरी चार्जिंगला लावली आणि नागपूरला फोन केला.