मालनबाईंकडे न आलेली रेघ

लातूरहून येऊन पुण्यात संख्याशास्त्र शिकलेला उत्तरेश्वर विश्रांतवाडीतल्या स्वतःच्याच सोसायटीची पाहणी करत होता. मनातलं कुणाशी बोलता, एवढंच प्रत्येकाला विचारायचं आणि संगणकावर त्याच्या ठिपक्यापासून सांगितलेल्या नावाच्या ठिपक्याकडे रेघ ओढायची. मग त्या रेघांची टोकं पत्ते पिसावेत तशी हजार वेळा आपापसांत बदलायची. माणसांची खरी जवळीक निव्वळ योगायोगापेक्षा वेगळी दिसते का, ते त्यातून कळतं.

सहकारी प्रियदर्शनी पडद्याकडे बघत म्हणाली, "कितीही पिसलं तरी या एका ठिपक्याकडे रेघ येतच नाहीये. प्रोग्रॅम गंडलाय तुझा."

"गंडला नाहीये," तो तोऱ्यात म्हणाला. "रेघ कुणाकडून येते ते बदलतं, किती येतात ते बदलत नाही. मुळात नावच कुणी घेतलं नसेल, तर हजार वेळा पिसूनही शून्यच."

बोलता बोलता त्यानं ठिपक्याचा क्रमांक पाहिला. गाव सोडून त्याच्याकडे राहायला आलेल्या आईचा, मालनबाईंचा होता तो. तिनं एकच नाव सांगितलं होतं, त्याचं. त्यानं ऐटीत आठ सांगितली होती.

"कोण आहेत रे या?" प्रियदर्शनीनं विचारलं.

उत्तरेश्वरनं मान वर केली नाही.

"आहेत एक," तो म्हणाला. "आमच्याच मजल्यावर राहतात."