बाळारामदादांची चार मिनिटं

साजगावच्या कारखान्यात कामाला लागलो त्या दिवशी टाइम ऑफिसच्या दारातच मी बाळारामदादांना वाकून नमस्कार केला. ते आमच्याच गावचे, वयाने मोठे, त्यात आता माझे साहेब. त्यांनी नमस्काराकडे पाहिलंही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "आठ वाजून एक मिनट. आदी कार्ड पंच कर. नमस्कार काय पळून नाय जात."

बाळाराम सोनावळे त्या कारखान्याचे टाइमकीपर होते. कामगाराने आपलं कार्ड यंत्राच्या फटीत घालायचं, दांडा दाबायचा, की त्यावर यायची वेळ छापली जाई. उशीर झालेला माणूस कोण, कुणाचा, त्याच्या घरी काय झालंय, याच्याशी दादांना कर्तव्य नसे. एकदा सायकल पंक्चर होऊन ते स्वतःच अकरा मिनिटं उशिरा पोचले, तर त्यांनी स्वतःचीच अर्ध्या दिवसाची हजेरी कापली आणि दुपारपर्यंत फाटकाबाहेर आंब्याखाली बसून राहिले. मी चहा नेऊन दिला, तर म्हणाले, "मी आता कामावर नाय. च्या घरचा हाय का कारखान्याचा?" कारखान्याचा आहे म्हटल्यावर त्यांनी तो परत पाठवला.

त्यांच्या लेखी जगात एकच महापाप होतं, ते म्हणजे दुसऱ्याचं कार्ड पंच करणं. "दुसऱ्याचं कार्ड मारायचं म्हंजी दुसऱ्यासाटी जेवायचं," असं ते म्हणत. "त्याचं पोट भरत नाय रं, आन आपलं बिगडतं." नव्या माणसाला ते हे पहिल्याच दिवशी ऐकवत, आणि जुन्याला दर पगाराच्या दिवशी.

अशा माणसाच्या नावावर सबंध पंचक्रोशीत एक वेळ नोंदलेली होती. ती मात्र त्यांनी स्वतः पंच केलेली नव्हती. बाळाराम सोनावळे पाण्याखाली चार मिनिटं राहतो, असं कर्जतपासून खोपोलीपर्यंत कुणीही सांगे.

त्याचं मूळ आमच्या घरच्या विहिरीत होतं. दादांच्या वडिलांना त्या विहिरीच्या काठावर पाऊल टाकायची मुभा नव्हती. लिहायला लाज वाटते, पण आमचीच विहीर, तेव्हा लिहिलंच पाहिजे. दादांच्या घरची मंडळी बौद्ध झाली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या आईचा तांब्याचा हंडा विहिरीत पडला. गावात बुडी मारणारा दुसरा कोणी नव्हता. "तुमी आमाला विहीर दिली नाय, म्हनून आमी नदी शिकलो," असं दादा पुढे हसत सांगत. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, गावचे सरपंच. ते स्वतः दादांना बोलवायला गेले. दादांनी उडी मारली आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. काठावर बायका रडायला लागल्या, तात्यांनी धोतर खोचलं, आणि तेवढ्यात हंडा वर आला, त्याच्याखाली दादा. शाळेतल्या गुरुजींनी मनगटावर बघून जाहीर केलं, "चार मिनिटं!" गुरुजींच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता आणि गुरुजींचा हात थरथरत होता, असं आई सांगायची.

एवढा वेळ तुम्ही खाली करत काय होतात, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "हंडा लगेच गावला व्हता. मुद्दाम बसलो जरा. वर आख्खं गाव माजी वाट बघत व्हतं. आमची वाट अशी कोनी कदी बघितलीवती का रं?"

त्यानंतर तालुक्यात कुठेही कळशी पडो, पोहरा पडो, बोलावणं दादांना. आणि दर वेळी वर कोणीतरी चार मिनिटं मोजलेलीच असत. सगळं सुखाने चाललं होतं, पण एका लग्नात त्यांच्या मेहुण्याने, कोंडाण्याच्या यशवंताने, भर पंगतीत विचारलं, "दाजी, चार मिन्टं ठीक हाय. पन मोजली कोनी?"

दादांचा हात ताटातच थांबला. मोजली होती ती दुसऱ्यांनी. म्हणजे इतकी वर्षं त्यांचं कार्ड भलताच कोणीतरी पंच करत आला होता. त्या रात्री त्यांनी जिलबी खाल्ली नाही. सकाळी ऑफिसात आल्या आल्या मला म्हणाले, "माज्यासंगं खाली येईल असं घड्याळ पायजे. माजा पंच मीच मारनार."

पाण्यात चालणारं घड्याळ त्या काळी आमच्याकडे कुणी पाहिलेलंही नव्हतं. दोन वर्षं दादांनी चौकशा केल्या. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका खलाशाकडून घड्याळांच्या रंगीत चित्रांचं पुस्तक मिळवलं आणि ते मस्टरखाली ठेवून वाचलं. घड्याळ विहिरीत चाललं पाहिजे आणि रोजही वापरता आलं पाहिजे, ही त्यांची अट. "बुडी म्हैन्यातून एकदा. बाकीचे एकोनतीस दिवस काय त्याला पेटीत ठिवू?"

शेवटी एके दिवशी रजा काढून ते मला घेऊन मुंबईला फोर्टातल्या एका दुकानात गेले. सोनेरी चष्म्याच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मखमलीवर दोन घड्याळं मांडली. दोन्ही स्विस, जहाजावरच्या कुणा साहेबाने विकायला ठेवलेली. एक काळं, भाकरीएवढं. दुकानदार म्हणाला, "हे सहाशे फूट खोल जातं."

"आमची विहीर बेचाळीस फूट. ती पन पावसाळ्यात," दादा म्हणाले. "उरलेल्या फुटांचं मी काय करू?"

"राहू द्या की. कधी लागले तर."

"विहीर खनून खनून किती खनू? बेचाळीस फुटांचं काय ते लावा. कापडवाला बी पायजे तेवढंच फाडून देतो."

दुकानदाराने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग दादांनी दुसरं, मधल्या आकाराचं पोलादी घड्याळ मनगटावर चढवलं. त्याच्या तबकडीभोवती मिनिटांच्या खुणांची फिरती कडी होती; तिची खूण काट्यावर आणली की तिथून पुढे किती वेळ गेला ते कळे. रोजच्या वापराची परीक्षा त्यांनी तिथेच घेतली. हवेतल्या हवेत सायकल चालवली, मस्टरवर सही केली, बाही खाली ओढून बटण लागतं का पाहिलं, आणि घड्याळ ओघळतं का बघायला दोनदा हात जोडून "जयभीम" केलं. दुकानदाराने दोन्ही वेळा उठून नमस्कार केला. तळाशी अंधारात काटे दिसतील की नाही म्हणून ते काउंटरखाली शिरले आणि मला वरून कोट धरायला लावला. आतून आवाज आला, "दिसतंय रं!" बाहेर येऊन त्यांनी पेलाभर पाणी मागितलं, तेव्हा मात्र दुकानदार घड्याळ छातीशी धरून मागे सरकला.

"पाण्यात नाही घालायचं!"

"मंग हे घड्याळ कशासाटी हाय?"

"विकत घ्या, मग बुडवा."

"बुडवल्याबिगर इकत कसा घेऊ? बैल बी चालवून बघतात."

अर्धा तास हे चाललं. शेवटी दुकानदाराने डोळे मिटून घेतले आणि दादांनी घड्याळ पेल्यात सोडलं. पाच मिनिटं टिकटिक ऐकली, घड्याळ काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पाणी फुकट जाऊ नये म्हणून ते पिऊन टाकलं.

वहिनींना करायच्या पाटल्या त्या घड्याळात गेल्या. "बायका सोन्याच्या पाटल्या घालतात," त्या शेजारणींना सांगत, "आमच्या मान्सानं सोवताला लोखंडाची केली." पण रागावल्या तरी त्यांनीच त्या घड्याळाचा रोजचा वापर सुरू केला. चुलीवर भात चढवला की त्या हाक मारत, "अवो, कडी फिरवा!"

घड्याळ लावून मारलेली बुडी बघायला आमच्या विहिरीवर गाव जमलं तो दिवस रविवारचा. विहिरीत काही पडलेलं नव्हतं आणि कामाशिवाय हजेरी लागत नाही म्हणून दादा उतरायला तयार होईनात. शेवटी माझ्या आईने तोच जुना हंडा आणून स्वतःच्या हाताने विहिरीत सोडला. यशवंता अगदी काठावर येऊन बसला. दादांनी कडीची खूण काट्यावर आणली, मला म्हणाले, "हा माजा इन पंच," आणि उडी मारली.

आम्ही वाट पाहिली. बुडबुडे आले आणि थांबले. पाणी सपाट झालं. यशवंता आधी उकिडवा होता, मग गुडघ्यांवर आला, मग ओरडला, "दाजी!" वहिनी पदराचं टोक दातांत धरून उभ्या होत्या. मग हंडा वर आला.

दादांनी पायरीवर बसून आधी घड्याळ पाहिलं. कानाला लावलं. परत पाहिलं. गाव श्वास रोखून उभं होतं.

"एक मिनट बारा सेकंद," ते म्हणाले.

"बंद पडलं आसंल खाली," तात्या म्हणाले.

"चालू हाय."

"मंग पानी शिरलं."

"नाय शिरलं."

तेवढ्यात यशवंता पुढे झाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "दाजी, घड्याळ खोटं हाय. चार मिन्टं झाली. मी सोवता बघत व्हतो, माजा जीव गेला व्हता!"

चावडीच्या फळ्यावर दादांनी खडूने लिहिलं: बा. सोनावळे, पाण्याखाली, १ मि. १२ से. संध्याकाळी कोणीतरी ते पुसून ४ मि. लिहिलं. सकाळी कामावर जाताना दादांनी ते पुसून पुन्हा खरं लिहिलं. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी तात्यांनी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं. "बाळाराम, फळा गावचा हाय. आजूबाजूच्या गावांत आमी काय तोंड दाखवायचं? तुजा टाइम आता तुजा एकट्याचा नाय रायला."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादा म्हणाले, "एकानं दुसऱ्याचा पंच मारला तर काय करायचं ते नियमात हाय. आख्ख्या गावानं मारला तर काय, ते कुटंच लिवलेलं नाय." मग त्यांनी फळ्याचा नाद सोडला. पण कोणी विचारलं तर ते एक मिनिट बारा सेकंदच सांगत, आणि ऐकणारा म्हणे, किती विनयशील माणूस.

ते गेले ते घरीच, दुपारी जेवून आडवे झाले असताना. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. आठवड्याने शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. तात्या आता काठी टेकत चालत. सभेआधी वहिनींनी रुमालात गुंडाळलेलं ते घड्याळ माझ्या हातात दिलं. "तुमीच धरा भाऊ. त्यांचं तुमाला ठावं."

तात्या उभे राहिले. म्हणाले, "मानूस गेला की दोन मिन्टं उभं रातात. बाळाराम चार मिन्टांचा मानूस. आपुन चार मिन्टं उभं राऊ."

मी दादांनी शिकवलं तशी कडीची खूण काट्यावर आणली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणी हललं नाही. माझ्यापुढे यशवंताची पाठ होती. वहिनींनी पदर दातांत धरला होता, अगदी त्या दिवसासारखा. कोणीतरी वर येईल म्हणून सगळं गाव खाली बघत उभं आहे, असं मला वाटलं. पुष्कळ वेळ गेला. मग तात्या डोळे पुसून म्हणाले, "झाली चार मिन्टं. बसा."

मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

यशवंता वळला आणि त्याने हलक्या आवाजात विचारलं, "भरली का वो? तुमच्याजवळ घड्याळ हाय म्हनून इचारतो."

"भरली," मी म्हणालो. "चार, पुरी."

बाळारामदादांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली. दुसऱ्याचं कार्ड पंच केलं ते तेवढं एकदाच.