घुशीचं बीळ

माझा नवरा पुरातत्त्व शिकवायचा आणि मी भूगर्भशास्त्र. त्यामुळे गंगापूर रोडच्या आमच्या घरात भांडणं व्हायची ती मातीवरून. सगळ्यांत लांबलेलं भांडण एका दगडी हत्याराचं. एकलहऱ्याच्या पुढे गोदावरीच्या ढासळलेल्या काठात, पिवळ्या मातीच्या थरात, त्याला ते सापडलं होतं. पिवळ्या मातीवर गोट्यांचा थर आणि त्यावर काळी माती. हत्यार गोट्यांच्याही आधीचं, म्हणजे फार जुनं, असं त्याचं म्हणणं. त्यावर त्याने लेख लिहिला आणि त्याच लेखाने त्याचं नाव झालं.

त्याचा पुरावा म्हणजे बिळं. पिवळ्या मातीत शेणकिड्यांची, उंदरांची जुनी बिळं होती. कधीच बुजलेली, आतली माती दगडासारखी घट्ट झालेली. सगळी गोट्यांच्या थराखाली कापल्यासारखी संपत होती, म्हणजे गोटे येऊन पडण्याआधीची. वरून उतरलेलं एकही बीळ नाही, म्हणून हत्यारही वरून घरंगळलेलं नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. मी म्हणायचे, एखादं नजरेतून सुटलं असेल. हत्याराला चिकटलेली माती काळी की पिवळी, एवढं बघितलं असतं तरी लगेच कळलं असतं, पण ती होतीच कुठे? दिवसा सापडलेलं संध्याकाळी टूथब्रशने घासून धुवायचं, ही उत्खननवाल्यांची खोड. गृहस्थाने पुरावा मोरीत सोडून दिला होता. यावरून मी त्याला वर्षानुवर्षं छळलं.

मग त्याला कॅन्सर झाला आणि माझं चिडवणं बंद पडलं. तोच एका दुपारी म्हणाला, "तू जाऊन बघ. माझ्यानंतर कुणीतरी बघणारच आहे. त्यापेक्षा तू बघ."

मी टाळाटाळ केली. पण तो रोज विचारायला लागला, तेव्हा कुंड्यांवर पाणी फवारायचा पंप स्कूटीवर ठेवून गेले. माती ओली केली की थरांचे रंग नीट दिसतात. हत्याराच्या जागी त्याने ठोकलेला लोखंडी खिळा गंजून अजून तिथेच होता. मी खुरप्याने काठ तासला आणि पाणी मारलं. काळ्या मातीतून एक मनगटाएवढा पट्टा निघाला होता. गोट्यांमधून वाट काढत, वळण घेत तो थेट खिळ्यापर्यंत आला होता. घुशीचं बीळ होतं ते, आणि काळ्या मातीने बुजलेलं. हत्यार त्याच वाटेने खाली आलं असणार. खात्री करायला मी बोटांनी ती माती उकरून पाहिली. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते, आणि तिथेच फतकल मारून रडत बसले.

घरी येईपर्यंत काय सांगायचं ते ठरवलं होतं. तुझंच बरोबर होतं, म्हणाले, वरून एकही बीळ उतरत नाही. त्याने माझा हात हातात घेतला आणि नखांकडे बघत राहिला. नखांत काळी माती अडकली होती.

"घूस?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मला माझ्या डोळ्यांचा, माझ्या शिक्षणाचा राग आला.

दिवे लागल्यावर त्याने हाक मारली. "लिहून काढ. माझी चूक झाली, असं सरळ लिही. सही करता येतेय तोवर दे."

राहू दे ना आता, कोण विचारतंय, असं मी म्हणून पाहिलं. त्याने उशाजवळचं पेन माझ्यापुढे धरलं. मी लिहायला बसले. मी चुकीला 'शंका' म्हटलं होतं, ते त्याने खोडायला लावलं. खाली सही केली, तीही तिरकी, घसरत गेलेली.

ती त्याची शेवटची सही. पुढे हॉस्पिटलच्या सगळ्या कागदांवर माझीच आहे.