टिकलीचा डिंक

मी मिरज सोडली त्या सकाळी आप्पा पेटी उघडून बसले होते. दारात सुमो उभी, आई माझ्या हातावर दही घालतेय, शेजारच्या मावशी पदर डोळ्याला लावून तयार, आणि आमचे वडील ओट्यावर कुठल्याशा भजनी मंडळाच्या पेटीतले पितळी सूर काढून फडक्यावर मांडत होते. कामाची घाई नव्हती, रडू येऊ नये म्हणून चाललं होतं ते, मला काय कळत नव्हतं? मी पाया पडायला वाकले तर एवढंच म्हणाले, "जपून राहा. आणि कशात तोंडानं फुंकू नकोस."

मिलिंद, माझा नवरा, या वाक्यावर पार विमानतळापर्यंत हसत होता. त्याला काय माहीत! पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या घरातला हा पहिला नियम. एखादा सूर अडला, आत कचरा बसला, की माणूस आधी तोंड लावून फू करतो. आप्पा अंगावर यायचे. "वाफ जाते आत! पितळ हिरवं पडतं!" मग ते पातळ कागदाची पट्टी त्या सुराखालून हळूच ओढून घ्यायचे आणि भाता दाबून बघायचे. मला वाटलं होतं, हे सगळं मिरजेत ठेवून मी अमेरिकेला चालले आहे.

रेडमंडला आलो ते २००३ साली. मिलिंद सॉफ्टवेअरमधला. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे काम करायची परवानगी नाही, आणि राहायची परवानगी आहे ती याच्या नोकरीच्या आधारानं. मी मुळातच घाबरट. मिलिंद मला भित्री भागूबाई म्हणायचा आणि ते खरंच होतं. फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा आणि मी टॉवेल हलवत त्याच्याखाली नाचायचे, आता बंब येणार, आता आपल्याला घर खाली करायला लावणार म्हणून. तिकडे असताना माझी भीती दहा जणांत वाटली जायची. इथे ती सगळी माझ्या एकटीच्या वाट्याला आली.

आणि मग खरंच घाबरण्यासारखं झालं. २००७च्या पानगळीत मिलिंद ऑफिसच्या पार्किंगमध्ये छाती धरून खाली बसला. वय छत्तीस. कलीगनी अँब्युलन्ससाठी नाइन-वन-वन केलं म्हणून वाचला. हॉस्पिटलमध्ये स्टेंट टाकला आणि डॉक्टर त्याला माझ्यादेखत म्हणाले की यापुढे सिगरेट ओढलीस तर मी तुझ्यासाठी फार काही करू शकणार नाही. मी तिथल्या खुर्चीत बसून काय विचार करत होते सांगू? हा गेला तर माझा व्हिसाही गेला. याचं दुःख करायलासुद्धा मला या देशात जागा नाही. असा विचार आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली, पण आला.

घरी कळवलं नाही. कराडला मिलिंदचे वडील, नाना, एकटेच. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. "त्यांना सांगून काय होणार? तिथं बसून झुरतील," मिलिंद म्हणाला. मिरजेलाही तेच. रविवारी फोन लावायचा आणि म्हणायचं, सगळं ठीक आहे. जे जे इकडे आलेत त्या सगळ्यांना हे वाक्य पाठ असेल. तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हालाही तुमच्या बाजूचं पाठ असणारच.

सिगरेट काही सुटेना. निकोटिनचे पॅचेस झाले, च्युइंग गम झाली, चिडचिड तर विचारू नका. मग त्यानं इंटरनेटवरून इलेक्ट्रॉनिक सिगरेट मागवली. तेव्हा ती कुणी बघितलीही नव्हती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, यात काय आहे ते मलाच नीट माहीत नाही, मी हो म्हणणार नाही. झालं, माझ्या जिवाला आणखी एक घोर! पण त्यानं खरी सिगरेट सोडली, एवढं मला दिसत होतं. आम्ही तिला पेन म्हणायचो, दिसायचीही तशीच.

तर हे पेन. एका बाजूला निकोटिनच्या रसाची कांडी, मध्ये तो रस तापवणारा तुकडा आणि पुढे बॅटरी. बॅटरीच्या टोकाला लाल दिवा आणि दिव्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं. माणसानं ओढलं की त्या भोकांतून हवा आत येते, आतला एक नाजूक पडदा हलतो आणि बॅटरी चालू होते. बटण नाही काही नाही, सगळा खेळ वाऱ्याचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, अगं बाई, ही तर पेटी!

रस गळून, कांडी जिथे पिळून बसवायची त्या बॅटरीच्या आट्यांत उतरायचा आणि मग ती धड ओढली जायची नाही. एकदा मिलिंदनं इंजिनिअरी डोकं चालवून तिच्यात जोरात फुंकर मारली. रस गेला थेट पडद्यापर्यंत. कुणी न ओढताच दिवा लागला, विझेचना, आणि बॅटरी तापायला लागली. मी सांडशीत धरून ती बाल्कनीत नेली आणि रिकाम्या कुंडीत टाकून दार लावून घेतलं. स्फोट झाला नाही, आपोआप थंड झाली, पण मेली ती मेलीच. दुसरी बॅटरी आली तेव्हा मी सांगून टाकलं, हिला हात लावायचा तो मीच. मग रोज सकाळी माझा कार्यक्रम ठरला. आट्यांचं तोंड खाली करून हलकेच झटकायची. इअरबड रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, आटे पुसायचे. कांडी फार घट्ट बसवल्यामुळे आट्यांमधला धातूचा ठिपका खाली दबला असेल तर हवा अडते, तो उदबत्तीच्या काडीनं अगदी हळू वर उचलायचा. टाचणी नाही, टाचणीनं शॉर्ट होतं. आणि फुंकायचं नाही. देवपूजा आणि हे, एकापाठोपाठ एक. दोन्हीकडे मागणं एकच होतं.

२००८च्या उन्हाळ्यात नाना आले. कडक इस्त्रीचा शर्ट, शर्टाला सेफ्टी पिननं अडकवलेली आमच्या घराची किल्ली, सकाळी झाडीतल्या ट्रेलवर फिरणं आणि मग चहा. मिलिंद चाळिशीकडे झुकलेला, पण वडिलांसमोर सिगरेट? शक्यच नाही. आपल्याकडे बाप घरात असला की पोरगा गल्लीच्या टोकाला जातो, तसा हा बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन पाठमोरा उभा राहायचा. खिशात पेन बघून नाना कौतुकानं म्हणालेदेखील, "कॉम्प्युटरवाला असून पेन बाळगतोस, बरं वाटलं."

ते आल्यावर थोड्याच दिवसांत पेन बंद पडलं. ओढलं तरी दिवा लागेना. मी आटे पुसले, ठिपका उचलला, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. ढिम्म. नवी बॅटरी चीनहून यायला वेळ लागणार होता. मिलिंद म्हणाला, "असू दे गं, तेवढे दिवस काढतो." पुढच्या आठवड्यात धुवायला टाकताना त्याच्या जॅकेटला सिगरेटचा वास आला. तो वास चुकायचा नाही मला. त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मग आम्ही एकमेकांनाही सगळं ठीक आहे म्हणायला लागलो असतो. मी विचारलं नाही. ऑफिसच्या वेळेत फोन वाजला की मात्र तो उचलायला हात पुढे होत नव्हता.

एका सकाळी बाथरूमच्या आरशात बघून टिकली लावताना लक्षात आलं, आरशावर मी चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांतली एक मरून टिकली गायब आहे. तिच्या जागी नुसता डिंकाचा गोल. पडली असेल म्हणून खाली वाकले आणि वाकल्या वाकल्याच काहीतरी चमकलं डोक्यात. तशीच धावत जाऊन पेन आणलं आणि खिडकीत धरलं. इतके दिवस मी आट्यांच्या बाजूनं मरत होते, दिव्याच्या टोकाकडे पाहिलंच नव्हतं. त्या टोकावर तसाच डिंकाचा गोल होता, वर खिशातला बारीक कापूस बसलेला आणि सगळी भोकं बुजलेली. माझ्या नवऱ्यानं, संध्याकाळी बाल्कनीतला लाल दिवा वडिलांना दिसू नये म्हणून, त्याला माझी टिकली लावली होती! नंतर काढून टाकली असणार, डिंक राहिला. हसावं की त्याच्या डोक्यात काही घालावं, कळेना.

आधी कोरड्या काडीनं कापूस उचलला. मग इअरबडला जेमतेम अल्कोहोल लावून कडेकडेनं डिंक सोडवला, टोक खाली धरून, थेंबसुद्धा आत जाऊ नये म्हणून. ते वाळल्यावर पेन जोडलं. आता ओढून बघायला हवं, आणि घरात मी एकटी. जन्मात बिडी-काडीला न शिवलेली मी, देवाचं नाव घेऊन तोंडात धरलं आणि ओढलं. दिवा लागला! मी नाकातोंडातून वाफ सोडत, खोकत, "पेटला, पेटला!" म्हणत वळले, तर दारात नाना. एका हातात बूट, दुसऱ्या हातात किल्ली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काय सांगणार? माझी नाही म्हटलं तर कुणाची? त्याची, तर मग का? आणि तिथून पुढे मिलिंदच्या छातीच्या दुखण्यापर्यंतच जायचं होतं. नानांनी बूट रॅकवर नीट ठेवले आणि म्हणाले, "चहा टाकतेस का, बाळ?"

तो दिवस कसा गेला माझा मला ठाऊक. कराडहून मिरजेला बातमी जायला कितीसा वेळ लागतो! आप्पांना काय वाटेल, आई कुणाला तोंड दाखवेल, इथपर्यंत मी पोचले. मिलिंद बसमधून उतरून आला तरी त्याला बाजूला घेऊन सांगायची संधी मिळाली नाही. नाना आधीच ताटावर बसले होते.

मी आमटी वाढत होते तेवढ्यात नाना म्हणाले, "मिलिंद, मला तुझ्याशी बोलायचंय. तिच्यासमोरच बोलतो, पाठीमागं नको. तुझी बायको सिगरेट ओढते."

मिलिंदनं घास ताटात ठेवला.

"तू तिला एक शब्द बोलायचा नाहीस," नाना म्हणाले. "दिवसभर चार भिंतींत असते ती. ना नोकरी, ना शेजार. मी महिनाभरातच कंटाळलो, तिला पाच वर्षं झाली. माणसाला काहीतरी लागतं. आपण हळूहळू सोडवू तिची. पण तिच्यावर आवाज चढवलास तर माझ्याशी गाठ आहे."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझी बाजू घेऊन असं कुणी इथे बोललंच नव्हतं, आणि ते बोलत होते तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी. मिलिंद माझ्याकडे बघत होता. एक हो म्हटलं असतं तर सुटला असता तो.

"नाना, ते माझं आहे," तो म्हणाला. मग त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि छातीवर हात ठेवला. "मागच्या वर्षी इथं झालं. तुम्हाला कळवलं नाही."

नाना उठले. खरकटा हात तसाच मागे धरून त्यांनी डावा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले, आत काही ऐकू येतंय का बघत असल्यासारखे. चिडले नाहीत. रडलेही नाहीत. मला म्हणाले, "आण ते." मी पेन आणून दिलं. त्यांनी ते मुलाच्या हातात ठेवलं. "माझ्यासमोर ओढ. लपून ती पाकिटातली ओढायची नाही. पुढं हेही सोडायचं, पण ते माझ्यादेखत."

मिलिंदनं जॅकेटमधलं पाकीट आणून नानांच्या ताटाशेजारी ठेवलं. मग बापासमोर बसून, लाजेनं कानापर्यंत लाल होत, त्यानं एक झुरका घेतला. पाकीट मी नळाखाली भिजवून कचऱ्यात टाकलं.

नाना ऑक्टोबरात परत गेले. माझी भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू? अजून सकाळी मी बॅटरी पुसते, आता दोन्ही टोकं, आणि मिलिंद आत ओढतो तेव्हा हातातलं काम थांबवून तो बारीक सूं आवाज ऐकते. आप्पांची पेटी लावून झाली की भाता पहिल्यांदा असाच श्वास घ्यायचा. आप्पांनाही आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी फोनवर शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुंकलं नाहीस ना?"

घर कुठलं, म्हणून कुणी विचारलं की पूर्वी मी मिरज म्हणायचे. आता मला ते जेवणाचं टेबल आठवतं. रविवारी कराडचा फोन येतो, नाना विचारतात, "कशी आहेस बाळ?" आणि मी खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, "नाना, भीती वाटते."

"हं," ते म्हणतात. "मलाही. बोल."