तोटीचा चार्ज

विषय : फ्रिजच्या दाराला बसवलेली घरगुती आल्याच्या बिअरची तोटी बंद पडल्याबाबत.
कारण : खाली सही करणाऱ्याचा मत्सर.

हसू नका. उभा जन्म टिपण्या लिहिण्यात गेला, गाढवपणाही रीतसर मांडायची सवय आहे. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा.

मी सध्या दुबईत लेकीकडे, मेघनाकडे आहे. जावई निखिलराव घरीच आल्याची बिअर करतात. नावाचीच बिअर, दारूचा थेंब नाही. फ्रिजमध्ये स्टीलचं पिंप, त्यातून बारीक नळी, नळीच्या टोकाला दारावर तोटी, आणि पेय बाहेर ढकलायला पिंपाला जोडलेली गॅसची छोटी टाकी. दर पंधरा दिवसांनी तोटी खोलून घासायची, नळीतून औषधाचं पाणी सोडायचं, मग साधं पाणी. नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो.

हा चार्ज कोणाकडे? माझ्याकडे? छे! दिगंबररावांकडे! म्हणजे निखिलरावांचे वडील, माझे व्याही. डेअरीतून निवृत्त, दुधाच्या पाइपात हयात गेलेली. तेही इथंच मुक्कामाला.

"बाबा, सफाई शिकावी तर यांच्याकडून," मेघना म्हणते. माझी सख्खी लेक! नात त्यांना 'टॅप मास्टर' म्हणते. मला? "आबा, मूव्ह प्लीज."

तर दिगंबरराव दोन दिवस भाचीकडे शारजाला गेले. शनिवारी पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, हीच वेळ!

तोटी घासली, नळी धुतली, सगळं त्यांच्यासारखं. पण तोटीचा दांडा कुरकुरला. आता मला सांगा, कुरकुरणाऱ्या वस्तूला आपण काय घालतो? कुलूप असो, बिजागरी असो, खोबरेल! दांड्याला घातलं. मग वाटलं, हात का आखडायचा? नळीलाही दोन पळ्या पाजल्या. व्याह्यांना हे कधी सुचलं होतं का?

शनिवारी पाहुणे जमले. त्यात रत्नागिरीचे अन्वरभाई, निखिलरावांच्या साइटवरचे फोरमन. निखिलरावांनी ग्लास धरून दांडा ओढला. थेंब नाही!

"यल्ला, चला लवकर, निखिलभाय, घसा सुकला," अन्वरभाई म्हणाले.

"गॅस वाढवा," मी हुकूम सोडला.

गॅस वाढवला. तोटी गुरगुरली, शिंकली, आणि पांढरी गुळगुळीत कांडी सुटली ती थेट अन्वरभाईंच्या शर्टावर!

माझ्या अंगात काय संचारलं म्हणून सांगू? सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा! ही दिगंबररावांची सफाई! किती महिन्यांचा थर असेल हा? मी बोलत नव्हतो, पण आज पुरावाच बाहेर आला!"

नेमके दिगंबरराव तेव्हाच शारजाचा ट्रॅफिक भोगून दारात उभे. त्यांचा चेहरा पडला. खरं सांगतो, मला गार वाटलं.

अन्वरभाईंनी ती कांडी बोटानं उचलली, चोळली, हुंगली. "काका, हे तर खोबरेल! माझी अम्मी डोकीला घालायची. थंडीत असंच थिजायचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नात म्हणाली, "आबा, यू पुट हेअर ऑइल इन इट?"

मेघनानं खोबरेलची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दिगंबररावांनी बाह्या सरसावल्या, नळी सोडवली आणि गरम पाणी मागितलं. "व्याहीबुवा, पाइपातून लोणी पुष्कळ काढलंय. पण थिजलेलं खोबरेल? हा मान तुमचा!"

पाहुणे शेवटी ताक पिऊन गेले. तेही दिगंबररावांनीच घुसळलं, आणि वाईट म्हणजे, फर्मास होतं.

तोटीचा चार्ज मागण्याचं तोंड आता उरलेलं नाही. सबब, सफाईच्या वेळी निदान बादली धरू द्यावी, असा लेखी अर्ज मी दिगंबररावांकडे दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "इन्शाल्ला."

अर्ज प्रलंबित आहे.